वाईनच्या लॅबमधली घनता, टँकरचा काटा आणि समतुल्यता तत्त्व

द्राक्षमळा | सोमवार, रात्री १०:४२

मी दिंडोरी तालुक्यातल्या एका वाईनरीत लॅब सांभाळते. गेल्या हंगामापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. इथे भौतिकशास्त्राची जाण असलेली बरीच मंडळी आहेत, म्हणून मांडते.

आमच्याकडे द्राक्षरस, आंबत असलेला रस आणि तयार वाईन यांची घनता रोज काढावी लागते. जुनी रीत आरडी बॉटलची. ठरावीक आकारमानाची काचेची बाटली, बुचाला बारीक भोक. आधी पाण्याने भरून तोलायची, मग रसाने. दुसरी रीत डिजिटल डेन्सिटी मीटरची. त्यात यू आकाराची बारीक काचनळी असते. नळीत नमुना भरला की यंत्र तिला थरथरवतं आणि एका कंपनाला किती वेळ लागतो ते मोजतं. आत जड द्रव असला की कंपन मंदावतं. कंपनकाळाच्या वर्गावरून घनता निघते.

आता माझा मुद्दा. बाटली तोलताना आपण पृथ्वी त्या द्रवाला किती ओढते ते मोजतो. नळी थरथरते तेव्हा पृथ्वीच्या ओढीचा काही संबंध येत नाही. तिथे मोजलं जातं ते द्रवाचं जडत्व, म्हणजे हलवायला गेलं की तो किती विरोध करतो ते. पहिलं गुरुत्वीय वस्तुमान, दुसरं जडत्वीय. ही दोन्ही प्रत्येक पदार्थात एकाच प्रमाणात असतात, हेच ना समतुल्यता तत्त्व?

न्यूटनने हे लंबकांनी तपासलं होतं. सोनं, चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू, असे नऊ पदार्थ. हजारात एक इतकाही फरक असता तर तो आपल्याला दिसला असता, असं त्याने लिहिलंय. आमचं मीटर चौथ्या दशांश स्थळापर्यंत, म्हणजे दहा हजारात एक, भरवशाने दाखवतं. म्हणजे आमच्या लॅबमधल्या दोन यंत्रांचे आकडे शेजारी ठेवले तर न्यूटनच्या दसपट बारकाईची चाचणी होते. हे बरोबर आहे का?

एक अडचण मात्र आहे. आकडे पूर्ण जुळत नाहीत. वाईनला (घनता ०.९९२ च्या आसपास) तंतोतंत जुळतात. ताज्या रसाला (१.०९) बाटली चौथ्या दशांश स्थळी एका अंकाने जास्त दाखवते. ६० ब्रिक्सच्या (म्हणजे वजनाने शेकडा ६० साखर) कॉन्सन्ट्रेटला, म्हणजे आटवलेल्या रसाला, मीटर १.२८६५ म्हणतं आणि बाटली १.२८६८. सगळं २० अंशांना, बुडबुडे काढून, तीन तीन वेळा केलंय. मीटर श्यानतेची (द्रवाच्या दाटपणाची) दुरुस्ती स्वतःच करतं. तरी तो तीनचा फरक हटत नाही.

गंगेवरचा | सोमवार, रात्री ११:१५

ताई, विषय आवडला. पण नळीच्या कंपनात गुरुत्वाकर्षण येत नाही हे कशावरून? लंबकही कंपनच करतो आणि त्यात तर येतंच.

द्राक्षमळा | सोमवार, रात्री ११:३१

लंबकाला परत आणणारं बल पृथ्वीचं असतं. नळीला परत आणते ती काचेची लवचीकता, सतारीच्या तारेसारखी. सतार उभी धरा, आडवी धरा, सूर तोच. चंद्रावर नेली तरी तोच.

फळा_खडू | मंगळवार, सकाळी ७:०५

नाशिकरोडला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. ताई, तुमचा विचार पक्का आहे, आणि इतका थेट मांडलेला मी क्वचित पाहिलाय. पाठ्यपुस्तकात हे एका वाक्यात उरकतं आणि मुलांना वाटतं की दोन वस्तुमानं सारखी असणं ही व्याख्याच आहे. ती व्याख्या नाही, मोजून कळलेली गोष्ट आहे, आणि अजूनही मोजली जातेय. हंगेरीत योटव्हश या शास्त्रज्ञाने पीळतराजूने (बारीक तारेला टांगलेली दांडी, तारेला बसलेल्या पिळावरून बल कळतं) कोटींच्या घरातली बारकाई गाठली. २०१६ साली सोडलेल्या मायक्रोस्कोप या फ्रेंच उपग्रहात प्लॅटिनम आणि टायटॅनियमची नळकांडी एकत्र 'पडत' ठेवली होती. एकावर पंधरा शून्यं इतक्यात एक, या पातळीपर्यंत फरक सापडला नाही. अंतिम निकाल २०२२ मध्ये आला.

मला द्रवांबद्दल एक जास्तीची गोष्ट सांगायची आहे. टाकीच्या तळाशी भोक पाडलं तर धार किती वेगाने येईल? टॉरिचेलीचं सूत्र आपण घोकतो: दोन, गुरुत्वत्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. त्यात द्रवाची घनता नाही. पाणी असो, दूध असो की पारा, धार त्याच वेगाने. असं का? पारा तेरापट जोराने ढकलला जातो आणि हलायलाही तेरापट जड असतो. सूत्र मांडताना अंशातली घनता गुरुत्वीय, छेदातली जडत्वीय. आपण डोळे झाकून दोन्ही कापतो. एखाद्या द्रवात ती कापली गेली नसती, तर त्याची धार वेगळी पडली असती.

फिरत्या भांड्याचंही तसंच. भांडं फिरवलं की द्रवाचा पृष्ठभाग खोलगट होतो, आणि तो किती खोल हे वेगावर ठरतं, द्रवावर नाही. उत्तराखंडात देवस्थळला पाऱ्याची चार मीटर व्यासाची दुर्बीण याच जोरावर चालते. तिथे पाऱ्याच्या जागी पाणी फिरवलं असतं तरी आरशाचा बाक तोच आला असता.

त्या तीन अंकांबद्दल विचार करतो. मला वाटतं नळीतच काहीतरी आहे.

अकरावी_ब | मंगळवार, दुपारी ४:५०

सर, एक शंका. बाटलीत अर्धं तेल, अर्धं पाणी भरून हलवलं की मधली सीमा किती संथ हेलकावते! वरचा पृष्ठभाग मात्र पटापट. मग तिथे गुरुत्वाकर्षण कमी पडतं का? की तेल सावकाश पडतं?

फळा_खडू | मंगळवार, रात्री ८:२०

उत्तम निरीक्षण. तिथे पाण्याचा थोडा भाग वर उचलला गेला तर तो तेलात शिरतो आणि तेल त्याला जवळजवळ तेवढंच वर ढकलतं. पृथ्वीची ओढ पूर्ण आहे, पण तिचा बराचसा भाग प्लावक बलाने फिटतो. उरतो तो घनतेतल्या फरकाएवढा. हलवायचं वस्तुमान मात्र दोन्ही द्रवांचं, पूर्णच्या पूर्ण. थोडं बल आणि मोठं जडत्व, म्हणून संथ.

हीच युक्ती चाचणीला वापरता येते. मीठ कमीजास्त करून पाण्यात एक मणी असा ठेवायचा की तो बुडणारही नाही, तरंगणारही नाही. म्हणजे मण्याची आणि पाण्याची गुरुत्वीय घनता सारखी केली. आता ती बाटली घट्ट बंद करून, आत हवेचा बुडबुडा न ठेवता, कसारा घाटातून उतरणाऱ्या बसमध्ये घेऊन बसायचं. ब्रेक लागला की हेलियमचा फुगा मागे जातो आणि लोखंडी गोळी पुढे, कारण त्यांचं जडत्व भोवतालच्या हवेपेक्षा किंवा पाण्यापेक्षा वेगळं असतं. आपला मणी मात्र पाण्याबरोबरच राहील. जो मणी उभ्या दिशेला वजनात जुळवला, तो आडव्या दिशेला जडत्वातही आपोआप जुळला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मला स्वतःला हा प्रयोग उपग्रहाइतकाच भावतो.

सिन्नरकर | मंगळवार, रात्री १०:०८

विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही, पण आमच्या दोन वर्षांच्या डोकेदुखीचं मूळ इथेच असावं असं वाटतंय.

आमचे दुधाचे टँकर आहेत. जिथे भरतो तिथे कोरिऑलिस मीटर बसवलंय. किलोमध्ये आकडा देतं. पोचल्यावर काट्यावर भरलेला टँकर, मग रिकामा टँकर, वजाबाकी. २० हजार लिटरच्या खेपेला काट्यावर साधारण २० किलो कमी भरतात. समोरची पार्टी म्हणते ड्रायव्हरने काढलं. माझा ड्रायव्हर अठरा वर्षांपासून माझ्याकडे आहे. त्याच्या तोंडावर हे ऐकून घ्यावं लागलं. काटा दोनदा तपासून घेतला, सील बघितली, काही सापडलं नाही.

ते मीटर असं चालतं की नळी थरथरत असते आणि आतून जाणारं दूध तिला पीळ देतं. म्हणजे ताईंच्या भाषेत जडत्वीय वस्तुमान. आणि काटा गुरुत्वीय. मग दोन्ही खरंच वेगळी आहेत का?

बंधारा | बुधवार, सकाळी ६:३०

सिन्नरकर, द्राक्षमळा, तुम्हा दोघांचं उत्तर एकच आहे, आणि ते तुमच्या आजूबाजूला पसरलंय. हवा.

मी जलसंपदा खात्यातून निवृत्त झालो. धरणांच्या सांडव्यांची मॉडेलं करण्यात उमेदीची वर्षं गेली. घनता कुठे कापायची आणि कुठे नाही, हे त्या कामात अंगवळणी पडलं.

काट्यावर ठेवलेली वस्तू हवेत बुडालेली असते. आर्किमिडीजचा नियम पाण्यापुरता नाही. २० हजार लिटर दूध २० हजार लिटर हवा बाजूला सारतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, इथे एक लिटर हवा साधारण १.१ ग्रॅम. म्हणजे हवा त्या दुधाला २२ किलोंनी वर उचलते. रिकाम्या टँकरमध्ये हवाच भरलेली असते, तिचं वजन आणि तिचं प्लावक बल एकमेकांत फिटतं. काटा ज्या लोखंडी वजनांनी लावलेला असतो त्यांनाही हवा थोडी उचलते, तो हिशेब सुमारे ३ किलोंचा. २२ वजा ३, म्हणजे १९. तुमचे २० किलो हवेने उचलून धरलेत. थरथरत्या नळीला याचा पत्ताच नसतो. ती खरं वस्तुमान सांगते. खनिज तेलाच्या व्यवहारात 'हवेतलं वजन' आणि 'निर्वातातलं वजन' असे दोन वेगळे आकडे लिहायची पद्धत आहे, ती याचसाठी.

एक सावधगिरी. चांगल्या कोरिऑलिस मीटरची खात्रीही साधारण ०.१ टक्क्याची असते. तुमच्या खेपेला ते २० किलोच होतात. म्हणून ड्रायव्हरवर आरोप करायला जागा नाही एवढं नक्की म्हणा, पण मीटर अगदी अचूक आहे असंही म्हणू नका. मीटर आणि काटा दोन्ही एकाच पाण्याने तपासा, आणि पाण्यालाही हाच फरक येतो का पाहा. यायला हवा.

आता ताई. तुम्ही बाटलीचं आकारमान पाण्याने काढता. हवा पाण्यालाही उचलते आणि रसालाही, सारखीच. पण रस जास्त घन असला की तेवढ्याच उचलण्याचा वाटा त्याच्या वजनात कमी पडतो. म्हणून पाण्याजवळच्या वाईनला फरक शून्य, रसाला एक, कॉन्सन्ट्रेटला तीन. पाण्यापासून जितकं दूर तितका फरक जास्त. बाटलीच्या प्रत्येक वजनात दर मिलिलिटरमागे हवेचे ०.००११ ग्रॅम मिळवा आणि पुन्हा भागाकार करा.

द्राक्षमळा | बुधवार, सकाळी ९:५५

लॅबमध्ये आल्या आल्या केलं. बाटलीची दुरुस्त घनता १.२८६५. मीटर १.२८६५.

बंधारा काका, किती दिवस मी बाटली धुवून वाळवून पुन्हा भरत होते! आणि उत्तर मीटरमध्येच होतं. महिन्यातून एकदा ते हवा आणि पाणी यांनी लावून घ्यावं लागतं, तेव्हा ते त्या दिवसाचा हवेचा दाब विचारतं. मी तो आकडा निमूट भरायचे. का विचारतं हा प्रश्न कधी पडला नाही.

सिन्नरकर | बुधवार, सकाळी १०:२०

काका, तुमचा प्रतिसाद छापून घेतला आणि ड्रायव्हरला मोठ्याने वाचून दाखवला. संध्याकाळी त्याच्या घरी जाणार आहे. बाकी पाण्याची चाचणी या रविवारी.

गंगेवरचा | बुधवार, सकाळी ११:००

सकाळी सकाळी डोळ्यांत पाणी आणलंत. काका, तुमच्या धरणांच्या मॉडेलांबद्दलही लिहा.

बंधारा | बुधवार, संध्याकाळी ५:४०

थोडक्यात लिहितो. धरणाचं मॉडेल ४९ पट लहान केलं तर त्यातलं पाणी ७ पट कमी वेगाने जायला हवं, तरच लाटा आणि उसळी खऱ्यासारखी दिसते. वेगाचा वर्ग, भागिले गुरुत्वत्वरण आणि लांबीचा गुणाकार: हे गुणोत्तर दोन्हीकडे सारखं ठेवायचं. यालाच फ्रूड अंक म्हणतात (खरं तर त्याचा वर्ग). वर जडत्व, खाली वजन, आणि घनता दोन्हींकडून गायब. पावसाळ्यात गोदेला गाळाचं तांबडं पाणी येतं, मॉडेलमध्ये नळाचं स्वच्छ पाणी. तरी सांडव्यावरच्या झोताचा आकार जुळतो. दिंडोरी रोडच्या मेरीत (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत) अशी मॉडेलं पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. इतकी वर्षं मी हे सूत्र वापरलं, पण त्यामागे आईनस्टाईनचं तत्त्व उभं आहे हे या धाग्यामुळे नव्याने जाणवलं.

परीक्षानळी | बुधवार, रात्री ९:१२

रसायनशास्त्र शिकवते. चर्चा सुरेख चाललीय, पण एक आक्षेप नोंदवते.

समतुल्यता तत्त्व मोडलंच, तर ते पदार्थाच्या घडणीप्रमाणे मोडेल, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या प्रमाणाप्रमाणे वगैरे. पाण्याच्या रेणूत १० प्रोटॉन, ८ न्यूट्रॉन. न्यूट्रॉनचा वाटा ४४ टक्के. ग्लुकोजमध्ये ९६ आणि ८४, म्हणजे ४७ टक्के. अल्कोहोलमध्ये २६ आणि २०, साधारण ४३ टक्के. म्हणजे ताई, तुम्ही तीन सख्खी भावंडं एकमेकांशी ताडून पाहताय. फरक दिसला नाही याचं वजन त्यामुळे कमी होतं. न्यूटनने सोनं आणि लाकूड घेतलं होतं ते उगाच नाही.

उपाय सोपा आहे. पोटॅशियम आयोडाइड घ्या. न्यूट्रॉनचा वाटा जवळजवळ ५७ टक्के. पाण्यात भरपूर विरघळतं, वजनाने निम्मं मीठ घातलं की घनता दीडच्या पुढे जाते, आणि द्रावण पातळच राहतं, म्हणजे श्यानतेचा त्रासही नाही. उजेडात पिवळं पडतं, म्हणून ताजंच वापरा.

फळा_खडू | गुरुवार, सकाळी ६:५०

बाईंचा आक्षेप अगदी मान्य. याच मुद्द्यावरून द्रवाची एक मोठी कहाणी आठवली. १९८६ साली फिशबाख आणि सहकाऱ्यांनी योटव्हशचे जुने आकडे पुन्हा चाळले. त्या पदार्थांमध्ये पाणी आणि मोरचुदाचं द्रावणही होतं. त्यांना वाटलं, आकड्यांत पदार्थाच्या घडणीनुसार एक बारीक कल आहे, म्हणजे निसर्गातल्या माहीत असलेल्या चार बलांपलीकडचं एखादं पाचवं बल असावं. जगभर प्रयोगांची लाट आली. त्यात पीटर थीबर्गर यांनी जे केलं ते आपल्या मण्याचंच मोठं रूप. तांब्याचा पोकळ गोळा, घनता बरोबर पाण्याएवढी, पाण्याच्या टाकीत बुडवून अधांतरी ठेवलेला. टाकी न्यू जर्सीतल्या पॅलिसेड्स कड्याच्या काठावर. पाणी ४ अंशांच्या आसपास, कारण तिथे पाण्याची घनता सर्वांत जास्त असते आणि तापमानाच्या किंचित फरकाने प्रवाह उठत नाहीत. कडा एका बाजूने खेचतो. तांबं आणि पाणी त्या ओढीला सारखंच बधलं तर गोळा जागीच राहायला हवा.

गोळा सरकला. ताशी पाच मिलिमीटरहून कमी, पण कड्यापासून दूर, सातत्याने. १९८७ मध्ये ते छापून आलं.

पुढे इटलीत व्हालोम्ब्रोझाजवळ बिझेटी आणि सहकाऱ्यांनी खाऱ्या पाण्यात नायलॉनचा गोळा ठेवून तशीच चाचणी केली. त्यांचा गोळा सरकला नाही. आपल्याकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या रामनाथ कौसिक यांनी कर्नाटकात गौरीबिदनूरला जमिनीखाली पीळतराजू बसवून हेच तपासलं, आणि पाचव्या बलाला आधार मिळाला नाही. द्रवातली चाचणी अशी दुधारी असते. प्लावक बल पृथ्वीची ओढ जवळजवळ पूर्ण रद्द करून देतं, म्हणून अत्यंत सूक्ष्म फरक दिसू शकतो. पण त्याच पाण्यात तापमानाचा क्षुल्लक फरकही प्रवाह उठवतो.

पॅलिसेड्सचा खडक डायाबेस आहे, आपल्या बेसाल्टचा जवळचा नातलग. ब्रह्मगिरीचा कडा पाहिला की मला हटकून तो गोळा आठवतो.

अकरावी_ब | गुरुवार, संध्याकाळी ६:१५

सर, मणी जुळवायचा प्रयत्न करतेय. सकाळी अधांतरी राहिला, दुपारी बुडाला. मीठ तेवढंच आहे.

फळा_खडू | गुरुवार, संध्याकाळी ७:३०

दुपारी पाणी तापून विरळ झालं. थर्मासमध्ये ठेव आणि ज्या वेळी जुळवलास त्याच तापमानाला बघ. हा मण्याचा दोष नाही. थीबर्गर ४ अंशांवर का गेले ते तुला आता हाताने कळलं.

सिन्नरकर | रविवार, रात्री ९:४५

पाण्याची चाचणी झाली. मीटरवर २०,००० किलो, काट्यावर १९,९८०. काटा १० किलोंच्या टप्प्याने दाखवतो, त्यामुळे याहून बारीक बोलता येत नाही. समोरची पार्टी उभी होती. हिशेबाचा कागद त्यांनी ठेवून घेतलाय.

द्राक्षमळा | मंगळवार, रात्री १०:२०

परीक्षानळी ताई, आयोडाइड झालं. वजनाने निम्मं मीठ, ताजं द्रावण, २० अंश. बाटलीचा कच्चा आकडा १.५४१२. हवेची दुरुस्ती केल्यावर १.५४०६. मीटर १.५४०५. सलग पाच वेळा भरून पाहिलं, फरक एका अंकाच्या पुढे गेला नाही.

म्हणजे द्रावणासाठी साधारण पंधरा हजारात एक. मीठ निम्मंच असल्याने एकट्या आयोडाइडबद्दल बोलायचं तर सात-आठ हजारात एक. पाण्याच्या तुलनेत पोटॅशियम आणि आयोडीन यांचं गुरुत्वीय आणि जडत्वीय वस्तुमान इतक्या बारकाईपर्यंत एकाच प्रमाणात आहे, असं मी माझ्या वहीत आज तारीख घालून लिहिलंय. खाली सही केली आणि हवेचा दाबही नोंदवला.

उद्या शुद्ध ग्लिसरीन आणि त्यानंतर सोडियम टंगस्टेटचं द्रावण करून बघणार आहे. टंगस्टनचं केंद्रक आयोडीनहूनही बरंच जड. कुणाकडे पाच दशांश स्थळांचं मीटर असेल तर माझे उरलेले नमुने सीलबंद बाटल्यांत पाठवते.